छावणीतली ब्राह्मी आणि आत्याची दावण

माझी आत्या ज्या परीक्षेत नापास झाली, ती परीक्षा मीच घेतली होती. कागद माझा होता, पेन माझं होतं आणि बेरीज करून तिच्या नावापुढे खूण करणारा हातही माझाच होता. तिच्या भाकरीवर वाढलेला हात.

तेव्हा मी अंबाजोगाईला आयुर्वेद शिकवत होतो आणि सोबत पुढचा अभ्यास करत होतो. विषय होता ब्राह्मी आणि म्हातारपणी येणारा विसर. ब्राह्मी ही पाणथळ जागेत जमिनीलगत पसरणारी साधी वनस्पती. पानं बारीक, जाडसर. फूल पांढरट जांभळं. चव अशी कडू, की तोंड वेडंवाकडं झाल्याशिवाय राहत नाही. बुद्धीला आणि स्मृतीला हितकर म्हणून आमच्या ग्रंथांत तिचं कौतुक आहे. वर्गात उभं राहून ते सांगणं सोपं होतं. माणसांना देऊन, महिनोन्‌महिने पाहून, मोजून ते खरं आहे का हे बघायचं राहिलं होतं.

त्यासाठी पुष्कळ म्हातारी माणसं हवी होती आणि ती एका जागी राहणारी हवी होती. एरवी आमच्या भागात हे जमलं नसतं. लागोपाठ दोन वर्षं पाऊस गेला आणि ते जमलं. दुष्काळ माझ्या कामी आला हे वाक्य लिहितानाही मला लाज वाटते, पण ते खरं आहे.

घाटनांदूरच्या अलीकडे माळावर एका दूध उत्पादक सहकारी सोसायटीनं चारा छावणी उघडली होती. बांबूच्या मांडवांवर पाचट आणि हिरवी जाळी, खाली जनावरांच्या ओळी, मधोमध सिमेंटचा हौद, आणि एक दिवसाआड येणारा टँकर. तरणी माणसं ऊसतोडीला गेली होती, कुणी कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. जनावरांसोबत छावणीत मुक्कामाला राहिली होती ती म्हातारी. आमच्याकडे टोळी कारखान्यावर निघाली की चार-पाच घरं आपली जनावरं एकाच जाणत्या माणसाच्या हवाली करतात. मग ती ओळ त्या माणसाच्या नावानं ओळखली जाते. अमक्याची दावण, तमकीची दावण. ज्याच्या दावणीला गावाची जनावरं, त्याला पंगतीत आधी पान आणि भांडणात शेवटचा शब्द.

आत्याची अशी दावण होती. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न होऊन धर्मापुरीकडे गेली आणि तरुणपणीच विधवा होऊन परत आली. माझे आईवडील दर साली कोयता घेऊन जात, आणि माझी शाळा बुडू नये म्हणून मी तिच्याजवळ राही. पुढे तिचे गुडघे गेले. ऊस तोडणं सुटलं, शेतातलं काम सुटलं. उरली ती दावण. स्वतःची एक गाय आणि चार घरांचे बैल, म्हशी, वासरं. त्यांच्यामुळे ती कुणावर बसून खाणारी बाई नव्हती. उलट घरंच तिच्यावर विसंबून होती.

छावणीत अभ्यास करायला सोसायटीच्या चेअरमननी एका शब्दात होकार दिला. पांढरी टोपी, कडक इस्त्रीचा सदरा, बोलणं सभेतलं. पूर्वी तालुक्याच्या राजकारणात त्यांचं नाव होतं. वय झाल्यावर बाकी सगळं सोडलं, पण सोसायटी सोडली नव्हती. हौदाच्या कडेनं सांडणाऱ्या पाण्यावर मला ब्राह्मीचा एक वाफा लावायलाही त्यांनी परवानगी दिली. द्यायची पूड शहरातून डब्यांतून तयार होऊन येणार होती. निम्म्या डब्यांत ब्राह्मी, निम्म्यांत तशीच दिसणारी आणि तशीच कडू केलेली साधी पूड. कोणत्या डबीत काय आहे हे मलाही कळणार नव्हतं. वाफा होता तो फक्त माणसांना दाखवायला, की बाबांनो, तुम्ही खाणार ती ही. पहिली लावण एका वासरानं फस्त केली. मग भोवती बाभळीच्या काट्या लावल्या आणि त्या करपलेल्या माळावर तेवढीच एक ओली हिरवी पट्टी उभी राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्याला चेअरमन ती स्वतः नेऊन दाखवत.

आधी परीक्षा घ्यायची होती. ज्यांना विसराचा विकार आहे त्यांनाच औषध द्यायचं, म्हणून कोणाला विकार आहे ते ठरवणारा छापील कागद माझ्याजवळ होता. मोठ्या दवाखान्यांतून वापरला जाणारा, मराठीत केलेला. आज तारीख कोणती, वार कोणता, आपण कोणत्या जिल्ह्यात आहोत, शंभरातून सात वजा करत जा, हे तीन शब्द लक्षात ठेवा आणि थोड्या वेळानं सांगा.

आत्याला वार विचारला. ती म्हणाली, टँकरचा. महिना विचारला, तर म्हणाली की कारखाना बंद व्हायला अजून अवकाश आहे. जिल्ह्याचं विचारल्यावर तिनं माझ्याकडे काळजीनं पाहिलं. रोज येतोस आणि कुठं आलास ते तुला ठाऊक नाही का, असं विचारलं. शंभरातून सात वजा करायला तिनं सरळ नकार दिला. मग मी तीन शब्द सांगितले. सफरचंद, टेबल, नाणं.

"टेबल मी कावून ध्यानात ठेवू?" ती म्हणाली. "माझ्या घरी टेबल न्हाई. तुझ्या हापिसात आसंल. तू ठेव ध्यानात."

शेजारच्या दावणीवरची माणसं हसली, मीही हसलो. हसतच बेरीज केली. कागदाच्या हिशेबानं आत्या विकारात बसत होती, आणि ती एकटीच नव्हती. छावणीतली बहुतेक म्हातारी माणसं त्यात बसत होती. मला वाईट वाटायला हवं होतं. मला आनंद झाला. अभ्यासाला माणसं पुरतील का ही माझी मोठी चिंता होती, ती मिटली होती.

डब्या मी चारा मोजून घ्यायच्या रांगेत वाटल्या. सगळी तिथं एकत्र सापडत, एवढाच विचार. प्रत्येकाला मोठ्यानं समजावून सांगितलं की ज्यांना विसर पडतो त्यांच्यासाठी हे आहे, सकाळ-संध्याकाळ दुधातून घ्या. दुसऱ्या दिवसापासून छावणीत त्या माणसांना 'डबीवाले' हे नाव पडलं. डबीवाल्याला बिडी मागितली की तो काडी देतो, असल्या थट्टा सुरू झाल्या. बाकीच्यांनी त्या हसण्यावारी नेल्या, कारण त्यांच्याकडे फक्त त्यांची स्वतःची जनावरं होती. आत्याकडे दुसऱ्यांची होती. डबीवालीकडे म्हैस बांधून कसं चालेल, हा प्रश्न मोबाइलवरून उसाच्या फडात पोचायला वेळ लागला नाही. एका घरचा पुतण्या एसटीनं आला. आत्याच्या पाया पडला, तब्येत विचारली आणि आपली जनावरं सोडून पलीकडच्या ओळीत, ज्या म्हाताऱ्याला डबी मिळाली नव्हती त्याच्या दावणीला नेऊन बांधली. मागोमाग बाकीच्या घरांचे निरोप आले. शेवटी आत्याच्या ओळीत तिची एकटी गाय राहिली आणि रिकामे खुंटे. वर असंही ठरलं म्हणे, की पुढच्या साली त्या घरांतल्या एका सुनेनं ऊसतोडीला जाऊ नये, घरी राहून जनावरं आणि म्हातारी दोन्ही राखावीत.

मी गेलो तेव्हा आत्या चुलीपुढे होती. नेहमीसारखी भाकरी आणि वरण तिनं माझ्यापुढे सरकवलं.

"तुझ्या कागदात मी येडी," ती म्हणाली, "आन् तुझ्या जेवणापुरती शहाणी. खा."

मी तिला समजावू लागलो. तो कागद अभ्यासापुरता आहे, लोकांनी त्याचा भलता अर्थ घेतला. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग तसं त्यास्नी सांग. म्हातारीचं डोकं जाग्यावर हाय, एवढंच सांग. तू सांगितलं तर ऐकतील.

मला तसं सांगता येत नव्हतं. माझा कागद उलटं सांगत होता. आणि त्या दिवशी वरणात मीठ नव्हतं. एरवी मी ते मनावर घेतलं नसतं, पण तो घास मी ताटात परत ठेवला. कागद खरा असला तर?

आत्या माझ्या तोंडाकडे बघत होती. "म्हंजे तुला बी म्हाईत न्हाई," ती म्हणाली, आणि उठून गाईला पाणी दाखवायला गेली.

त्यानंतर मी तिच्या ओळीत कमी जाऊ लागलो. काम आहे असं स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे तिच्याकडे बघवत नव्हतं.

काही आठवड्यांनी दुसरी फेरी घेतली आणि चमत्कार झाला. ज्या म्हाताऱ्यांना महिना सांगता येत नव्हता ते तारखेसकट सांगू लागले. जिल्हा, तालुका, राज्य, सगळं तोंडपाठ. सफरचंद, टेबल, नाणं तर असे खणखणीत, की ऐकत राहावं. मी संध्याकाळीच माझ्या मार्गदर्शक सरांना फोन लावला. तेही हरखले. त्या दिवशी बसस्टँडसमोरच्या हॉटेलात मी एकट्यानं पोटभर जिलेबी खाल्ली. ब्राह्मी जिंकली होती, आणि मनात असंही होतं की आत्यालाही तिनंच बरं केलं की माझा अपराध धुऊन निघेल. पण आत्यानं दुसरी फेरी दिलीच नाही. मी पोपट न्हाई, असं म्हणून ती कुठं तरी निघून गेली होती. त्या शब्दाचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

दुसऱ्या दिवशी कळला. राहिलेल्या एका आजोबांसमोर मी बसलो, कागद काढला, आणि मी तोंड उघडायच्या आधीच ते म्हणाले, "सफरचंद, टेबल, नाणं."

मी म्हटलं, आजोबा, मी अजून विचारलं नाही. ते म्हणाले, तुमी तेच इचारणार हायसा नव्हं?

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मी कॉलेज उरकून दुपारी छावणीत येत असे. सकाळी चाऱ्याच्या रांगेसाठी भोंगा लागे, तो मी कधी ऐकला नव्हता. चाऱ्याचं सांगून झालं की चेअरमनच्या हुकमावरून भोंग्यावर वार, महिना, तारीख, जिल्हा आणि शेवटी ते तीन शब्द पुकारले जात. हौदावर पाणी भरताना म्हाताऱ्या एकमेकींना विचारत, चुकलं की दुरुस्त करत. ज्यांना डबी नव्हती तेही शिकवायला येत. माझ्या अभ्यासाचा घात करतोय हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. उलट मी खूश होईन असं त्यांना वाटत होतं. मी आजोबांना विचारलं, तुम्ही सगळ्यांनी मिळून कशी काय परीक्षा दिली?

"परीक्षा सोसायटीच्या छावणीत हाय," ते म्हणाले. "मंग ती एकट्यानं कशी द्यायाची? दूध समद्यांचं एका टाकीत जातंय की."

आणखी एक विचारायचं होतं. पूड घेता ना? आजोबा जरा चुळबुळले. लई कडू, म्हणाले. त्यांनी आपली डबी बैलाला चारली होती. कारण बैलाचं पोट बिघडलं होतं, आणि छावणीत बैलाच्या पोटाला माणसाच्या डोक्यापेक्षा अर्थातच जास्त मान होता. इतरांनीही आपापल्या समजुतीप्रमाणे ती कालवडीला, म्हशीला वाटून टाकली होती. मी डोक्याला हात लावला, तेव्हा आजोबांनी मला धीर दिला.

"तसं वाया न्हाई गेलं, डाक्टर. बैलाला आता समदं ध्यानात ऱ्हातंय."

मी सरांना पुन्हा फोन लावला. हे आकडे असेच पुढे पाठवले असते तर कुणाला कळलंही नसतं, हा विचार माझ्या मनात येऊन गेला. तो येऊन गेला, हेही मला सांगितलं पाहिजे. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे आपण विसर मोजलाच नाही. शाळा मोजली. जे शाळेत गेले नाहीत त्यांना आजारी ठरवलं, आणि मग त्यांनीच शाळा भरवली." परीक्षा नवी करा, असं त्यांनी सांगितलं. मी आत्याची गोष्ट सांगितली, तेव्हा आणखी एक अट घातली: तिला तुम्ही तपासायचं नाही. तुम्हाला ती पास व्हायला हवी आहे.

ते बरोबर होतं. आमच्याच कॉलेजातल्या एका बाई कामात सोबत आल्या. आम्ही सुट्टी टाकून छावणीत बसलो आणि माणसांना एकच विचारलं, की तुमच्यात एखाद्याला विसर पडायला लागला हे तुम्ही कशावरून ओळखता? उत्तरं भराभर आली. पाजलेल्या जनावराला पुन्हा पाण्यावर नेतो. वासरू मोकळं सोडतो आणि ते सगळं दूध पिऊन जातं. टँकर येऊन गेला तरी आला का म्हणून विचारत बसतो. निरोप घेऊन निघतो आणि वाटेत नुसता उभा राहतो. कुणी म्हणालं नाही की तो तारीख विसरतो.

त्यातून आम्ही परीक्षा बांधली. काल जनावरांपुढे काय पडलं होतं, कडबा की उसाचं वाढं? आज आपल्या ओळीत काय बदललं? छावणीतल्याच तीन वस्तू समोर दावणीत लपवायच्या, मग इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या आणि थोड्या वेळानं शोधून आणायला सांगायच्या. एक निरोप घेऊन पलीकडच्या टोकाला जायचं आणि उत्तर घेऊन यायचं. खरं काय ते सोसायटीच्या कारकुनाकडून आधीच विचारून ठेवायचं. आणि प्रत्येकाच्या वस्तू वेगळ्या. पहिले आजोबा बाहेर पडताच रांगेला ओरडून सांगून गेले की घुंगरू, विळा आन् दावं. पुढच्या आजीला मिळाली चाळणी, काठी आणि तांब्या. दुपारपर्यंत चेअरमनकडे तक्रार गेली की डाक्टर दरयेळी पेपर बदलतो, ह्यो न्याय न्हाई.

आत्याची पाळी आली तेव्हा मी हौदाकडे गेलो आणि ब्राह्मीच्या वाफ्यातलं तण काढत बसलो. तिनं बाईंना नाही म्हटलं नव्हतं. पोपटासारखं बोलायचं नसेल तर येते, म्हणाली होती. माझी बोटं चिखलात होती आणि तणाऐवजी मी ब्राह्मीच उपटत होतो, हे मला नंतर दिसलं. ती नापास झाली तर काय, याचा मी नीट विचार केला होता. मग मी खोटं बोलणार नव्हतो. पण कॉलेज सोडून तिची दावण मी राखीन, असं काहीतरी वेडंवाकडं मनात ठरवलं होतं.

बाई आल्या त्या हसतच. आत्यानं दोन वस्तू चटकन काढून दिल्या होत्या, तिसरीला जरा वेळ लागला पण तीही सापडली. कालचा चारा बरोबर सांगितला. निरोप बरोबर पोचवला आणि वर, निरोप घेणाऱ्याच्या दावणीतलं शेण का उचललं नाही म्हणून त्याला चार शब्द आपल्या पदरचे ऐकवले. "तुमच्या आत्यांची स्मृती वयाच्या मानानं चांगली आहे," बाई म्हणाल्या. "गुडघे मात्र कुणाला तरी दाखवा."

मी वाकूनच राहिलो. वर बघण्यासारखं तोंड नव्हतं.

त्याच दिवशी चेअरमन स्वतःहून येऊन बसले. राहिलेल्या म्हाताऱ्यांची भीती मोडावी म्हणून मीही देतो, असं सगळ्यांसमोर म्हणाले. पहिल्या परीक्षेत ते सगळ्यांच्या शेवटी बसले होते आणि त्यांना पैकीच्या पैकी गुण होते, त्यामुळे मीही निर्धास्त होतो. बाईंनी त्यांच्यासमोर वस्तू लपवल्या. मग सोसायटी कशी निघाली ते सांगा, म्हणाल्या, आणि चेअरमननी ते असं सांगितलं की आजूबाजूची माणसं काम थांबवून ऐकू लागली. कुणाच्या ओट्यावर पहिलं दूध मोजलं, कोण विरोधात होतं, सगळं. मग बाई म्हणाल्या, आता त्या वस्तू आणा.

ते अदबीनं हसले. "कंच्या वस्तू?"

बाईंनी विषय बदलला आणि निरोप दिला. चेअरमन ताठ चालत गेले, हौदापाशी थांबले आणि तिथंच उभे राहिले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. त्यांना बोलवायला कुणी धजेना. शेवटी मी गेलो आणि त्यांच्याशी ब्राह्मीबद्दल काहीतरी बोलत, सहज फिरत असल्यासारखा त्यांना मांडवात घेऊन आलो. ते खाली बसले. मला जवळ बसायला सांगितलं.

"भोंगा मी माझ्यासाठी लावलता," ते हळू आवाजात म्हणाले. "वार ध्यानात ऱ्हात न्हाई. लोकांच्या नावानं आपलं बी भागत हुतं."

मी म्हटलं, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?

"सांगायचं कसं? चेअरमनला कोन इचारतं, तुमाला इसरतंय का म्हनून? तू दवा घिऊन आलास, मी हो म्हनलं. म्या डबीची वाट बघत हुतो. आन् समद्यांचं ऐकून ऐकून तोंडपाठ झालेलं मी म्हनलं, तर तू मला पैकीच्या पैकी मार्क दिले."

मी त्यांचा हात धरला. ज्यांना विसर नव्हता त्यांना मी डबीवाले केलं होतं, आणि ज्या एका माणसाला मदत हवी होती त्याला शाबासकी देऊन परत पाठवलं होतं. हे आपल्यातच राहील, बाहेर कुणाला कळणार नाही, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. ती होकाराची नव्हती, हे सकाळी कळलं.

पुढचं इथंच सांगून टाकतो. नव्या परीक्षेत खरोखर अडलेली माणसं थोडीच निघाली. त्यांना आम्ही प्रत्येकाच्या घरच्या माणसासमोर, एकेकट्याला, डबी दिली आणि ती माणसाच्याच पोटात जाते याची खात्री केली. अभ्यास नव्यानं झाला आणि पुढच्या पावसाळ्यात पूर्ण झाला. ब्राह्मीनं कुणाची गेलेली स्मृती परत आणली नाही. काहींना थोडा आधार मिळाला असं दिसलं, काहींना काहीच नाही. मी ते जसं होतं तसं लिहिलं. जिलेबीच्या दिवशीच्या आकड्यांपुढे हे फारच लहान होतं, पण ते खरं होतं आणि सरांनी ते वाचून माझी पाठ थोपटली. छावणीत बांधलेली ती परीक्षा पुढे आमच्या भागातल्या इतर डॉक्टरांनीही मागून नेली. तेव्हापासून शाळा न शिकल्यामुळे आमच्याकडे कुणी आजारी ठरलं नाही.

पण मला आठवते ती चेअरमनच्या परीक्षेनंतरची सकाळ. चेअरमननी मला मुद्दाम लवकर बोलावून घेतलं होतं. चाऱ्याची रांग लागली होती. भोंगा सुरू झाला, चाऱ्याचं सांगून झालं, आणि नेहमीच्या माणसाच्या हातातून चेअरमननी माईक घेतला.

डाक्टरची पहिली परीक्षा चुकीची हुती, ते म्हणाले, डाक्टर सोता कबूल करतोय. नवी परीक्षा खरी हाय. कशावरनं खरी? तिच्यात मी नापास झालो.

रांग हलायची थांबली. त्यांनी कागद न बघता पुढचं सांगितलं. आपल्याला विसराचा आजार लागला आहे, दवा चालू करणार आहे, सोसायटीनं दुसरा चेअरमन बघून ठेवावा आणि तोवर सही करताना कारकुनानं जवळ उभं राहावं. आवाज सभेतलाच होता. मग माईक माझ्या हातात दिला.

चुलीपुढे जे सांगता आलं नव्हतं ते मी तिथं सांगितलं. माझ्या आत्याला मी चुकीचं ठरवलं होतं, माझ्याच कागदामुळे तिची जनावरं गेली. तिची परीक्षा मी नाही, दुसऱ्यांनी घेतली आहे. तिचं डोकं जागेवर आहे. माझा आवाज भोंग्यातून माळावर जाऊन परत आल्यासारखा वाटला. आत्या रांगेत होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, पुढच्या बाईला सांगत होती की पुढं सरक, ऊन वाढायला लागलं.

जनावरं सोडायला फडावरून कुणाला यावं लागलंच नाही. पलीकडच्या दावणीच्या म्हाताऱ्याची कंबर त्या वाढलेल्या कामानं मोडली होती. त्यानं पुतण्याला फोन लावला, भोंग्यावरचं सगळं ऐकवलं आणि हो-नाही ऐकायच्या आत दावी सोडायला सुरुवात केली. पुढं बैल, मागं म्हशी, सगळ्यांत मागं उड्या मारणारी वासरं. मधल्या वाटेवर माणसं कडेला उभी राहिली. कुणी तरी टाळी वाजवली आणि मग लग्नाच्या वरातीसारखी सगळी छावणी वाजवू लागली. आत्या आपल्या रिकाम्या खुंट्यांपाशी पदर खोचून उभी होती. पहिली म्हैस आपणहून जुन्या जागी जाऊन उभी राहिली. आत्यानं तिच्या बरगड्यांवरून हात फिरवला आणि म्हाताऱ्याकडे वळली.

"पानी पाजत हुतास का नुसतं दाखवत हुतास बे?"

म्हातारा हसत सुटला. तेवढ्यात चेअरमनचा गडी त्यांची जर्सी गाय घेऊन आला. मागून स्वतः चेअरमन.

"माजी गाय बी हितंच बांधा," ते म्हणाले. "आन् मला बी."

आत्यानं गाईला खुंट्याला लावलं. "तुमास्नी दाव्याची गरज न्हाई, चेअरमन," ती म्हणाली. "सावलीत बसा. ते तांबडं वासरू दिसलं का? ते गाईला लुचाया गेलं की मला हाक मारायची. इसरला तर मी उद्या परत सांगन."

चेअरमननी टोपी नीट केली आणि वासराकडे तोंड करून बसले. दुपारी मी कॉलेज उरकून गेलो तेव्हा दावण भरलेली होती, आणि ते अजून तिथंच होते, वासरावर डोळे लावून. आत्यानं माझ्यापुढे भाकरी सरकवली. वरणात मीठ बेताचं होतं. मी तसं म्हटलं, तर ती म्हणाली की त्या दिवशी मीठ संपलं होतं, उसनं मागायची सोय नव्हती, रिकाम्या दावणीच्या बाईला कोण देतं. मग माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकून ती म्हशी पाण्यावर सोडायला उठली.